कर्णा, पेटी आणि वॅटचा हिशोब

मिरजेतले जुने लोक मला अजूनही 'माईकवाल्यांचा मुलगा' म्हणून ओळखतात. मी बी.एड. करून उर्दू शाळेत मराठी शिकवायला लागलो त्याला वीस वर्षं होऊन गेली, पण ओळख बदललेली नाही. अब्बांचं भाड्याने माईक देण्याचं दुकान होतं. लग्न, वरात, प्रचारसभा, गणपती, मोहरम, मीरासाहेबांचा उरूस, सगळीकडे अब्बांचे कर्णे टांगलेले असत. एक सायकल, मागच्या कॅरिअरला दोन कर्णे, पुढच्या पिशवीत मशीन, आणि लाईटचा भरवसा नाही म्हणून मोटारीची एक बॅटरी. मशीन म्हणजे अँप्लिफायर. आमच्या धंद्यात त्याला कुणी अँप्लिफायर म्हणत नसे. चाळीस वॅटच्या त्या मशीनवर आणि त्या दोन कर्ण्यांवर अब्बा अख्ख्या मैदानाला भाषण ऐकवत.

हे आधी सांगायचं कारण असं की, दोन वर्षांपूर्वी मी घरात जो साउंड बसवला, त्याच्या खोक्यावर शंभर वॅट लिहिलेले होते. आणि तो शंभर वॅटचा रिसीव्हर बारा बाय चौदाच्या हॉलमध्ये माना टाकत होता.

अब्बांचा इंतकाल झाला तेव्हा त्यांच्या लोखंडी पेटीत कॅसेट निघाल्या. रेडिओवरून उतरवलेले मुशायरे, उरुसातल्या संगीतसभेतलं गाणं, कुणाच्या तरी निकाहचा खुतबा. बहुतेक कॅसेटची सुरुवात सारखीच होती. आधी खरखर, मग कुणीतरी माईकवर बोट आपटल्याचा आवाज, आणि मग अब्बा : "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, एक, दोन, तीन." माणूस गेल्यावर त्याचे फोटो राहतात. आवाज सगळ्यांच्या नशिबी नसतो. अम्मींना त्या कॅसेट नीट ऐकवायच्या, एवढाच माझा बेत होता. अम्मींना ऐकू कमी येतं, त्यामुळे आवाज मोठा ठेवावा लागणार हे उघड होतं.

पुण्यातल्या एका गृहस्थांनी घर बदलताना मोठे उभे स्पीकर विकायला काढले होते. सागवानी रंगाची पेटी, प्रत्येकात दोन-दोन वूफर. मी ते घेतले. मागे पितळी पट्टीवर लिहिलेलं होतं : ४ ओहम, ८५ डेसिबल. मला तेव्हा त्यातलं फक्त 'स्पीकर' एवढंच कळत होतं. मग रिसीव्हर घ्यायला दुकानात गेलो. विकणाऱ्याने खोक्यावरचा आकडा दाखवला आणि म्हणाला, सर, शंभर वॅट आहे, भिंती हलतील. भिंती हलल्या नाहीत. उरुसाची कॅसेट लागली, तबल्याचा बायाँ घुमला, आणि रिसीव्हरने 'खट्' करून आवाज बंद केला. समोर लाल दिवा लुकलुकायला लागला. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. अम्मी म्हणाल्या, "लाईट गेली काय?"

त्या 'खट्'चा शोध घेता घेता मी जवळजवळ दोनशे वर्षं मागे गेलो. मी विज्ञानाचा माणूस नाही. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला सहावीतल्या पोरासारखं समोर बसवून ओहमचा नियम समजावला. पण त्या नियमामागचा माणूस माझ्याच जातकुळीचा निघाला, आणि तिथून मला गोडी लागली.

गेऑर्ग ओहम हे जर्मनीत कोलोन शहरातल्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत. शाळेच्या प्रयोगशाळेत तारा, बॅटऱ्या आणि चुंबकसुईवर प्रयोग करून त्यांनी १८२७ मध्ये पुस्तक काढलं. सांगणं साधं होतं. दाब तेवढाच ठेवला आणि वाटेतला अडथळा निम्मा केला, तर प्रवाह दुप्पट होतो. जर्मन विद्वानांनी पुस्तकाचं थंडं स्वागत केलं आणि ओहम यांनी शाळेतली नोकरीही सोडली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिलं तेव्हा मायदेशी जरा मान मिळाला. विद्यापीठातलं प्राध्यापकपद पदरात पडलं ते १८५२ मध्ये, मृत्यूच्या दोन वर्षं आधी. पुढे १८८१ च्या पॅरिसच्या वीज परिषदेने अडथळ्याच्या एककाला त्यांचं नाव दिलं. माझ्या स्पीकरच्या पितळी पट्टीवर जो '४ ओहम' होता, तो म्हणजे एका शाळामास्तराचं आडनाव.

आता तो आकडा काय सांगतो ते बघा. रिसीव्हर स्पीकरला २० व्होल्टचा दाब देतोय असं धरा. स्पीकर ८ ओहमचा असेल तर अडीच अँपिअर प्रवाह वाहतो आणि ५० वॅट लागतात. स्पीकर ४ ओहमचा असेल तर पाच अँपिअर आणि १०० वॅट. आणि गंमत अशी की पट्टीवरचा आकडा हा फक्त सरासरी अंदाज असतो. ४ ओहम लिहिलेला स्पीकर काही स्वरांना अडीच-तीन ओहमपर्यंत खाली उतरतो, आणि तो नेमका खर्जात, जिथे तबल्याचा बायाँ असतो तिथेच उतरला तर रिसीव्हरचा दम तिथेच लागतो. आत बसवलेली राखणदार यंत्रणा प्रवाह फार वाढला की ट्रान्झिस्टर जळू नयेत म्हणून वाट तोडते. ती 'खट्' तिची.

पण मग अब्बांच्या चाळीस वॅटमध्ये मैदान कसं भरत होतं? या प्रश्नाने मला झोप लागू दिली नाही, आणि खरा इतिहास इथेच आहे.

लाउडस्पीकरचं बालपण म्हणजे कर्ण्याचं बालपण. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी कॅलिफोर्नियात १९१५ मध्ये आपल्या यंत्राला ग्रामोफोनसारखा कर्णा जोडला आणि त्याला मॅग्नावॉक्स, म्हणजे 'थोर आवाज', असं लॅटिन नाव दिलं. १९१९ च्या सप्टेंबरात सॅन दिएगोच्या मैदानात अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन हजारोंच्या गर्दीसमोर बोलले ते याच कर्ण्यांमधून. बोलपट आले तेव्हाही तेच. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलू लागला, त्या काळात जगभरच्या थिएटरांत पडद्यामागे कर्णेच असत. कारण सोपं होतं. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या मशीनमधून वॅट निघायचे ते मोजून-मापून. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ३००बी हा प्रसिद्ध व्हॉल्व्ह एकट्याने जेमतेम आठ वॅट देतो. एवढ्यात थिएटर भरायचं तर एकही वॅट वाया जाऊन चालणार नव्हतं.

कर्णा नेमकं तेच करतो. बारीक पडदा थरथरतो तेव्हा त्याला समोरची हवा पकडता येत नाही, ती आजूबाजूला निसटते. कर्ण्याचं तोंड हळूहळू रुंदावत जातं, त्यामुळे पडद्याची थरथर बाहेरच्या मोकळ्या हवेच्या गळी नीट उतरते. अब्बांना हे सिद्धांत माहीत नव्हते. ते म्हणायचे, "कर्णा आवाज वाढवत नाही, सांडू देत नाही." मला वाटतं यापेक्षा नेमकी व्याख्या पुस्तकात सापडणार नाही.

स्पीकर किती भागतो ते मोजायला डेसिबलचा आकडा असतो. एक वॅट दिला आणि एक मीटरवर ऐकलं तर आवाज किती, तो आकडा. सभेतल्या चांगल्या कर्ण्याचा आकडा १०५ च्या आसपास जातो. माझ्या सागवानी पेट्यांचा ८५. वीसचा फरक, असं वाटतं. पण डेसिबलची शिडी सरळ नाही. तीन डेसिबल वर चढायला वॅट दुप्पट लागतात, दहा चढायला दहापट, वीस चढायला शंभरपट. म्हणजे अब्बांचा कर्णा एका वॅटमध्ये जे करायचा ते करायला माझ्या पेटीला शंभर वॅट.

इथेही एक मेख आहे आणि ती मला फार उशिरा कळली. कंपन्या हा आकडा बहुतेकदा एक वॅटवर मोजत नाहीत, २.८३ व्होल्टवर मोजतात. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॅट. पण ४ ओहमला तेवढेच व्होल्ट म्हणजे दोन वॅट. तेव्हा माझ्या पेटीचा खरा आकडा ८५ नसून ८२. शंभर नव्हे, दोनशे वॅट. व्यापाऱ्याने तराजूत अंगठा ठेवावा तसा हा प्रकार. खोटं म्हणता येत नाही, आणि खरं म्हणवत नाही.

मग शहाण्या लोकांनी कर्णा सोडून ही खादाड पेटी का स्वीकारली? याचं उत्तर एका माणसापाशी येऊन थांबतं. एडगर व्हिल्चर. न्यूयॉर्कचे. यांनी पदवी घेतली ती कलेच्या इतिहासात. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेले, तिथे विजेच्या उपकरणांची दुरुस्ती-देखभाल गळ्यात पडली, आणि परत आल्यावर हे गृहस्थ न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनीच्या पुनर्निर्मितीवर वर्ग घेऊ लागले. पुन्हा मास्तर! मला इतिहासात मास्तर सापडले की उगाच बरं वाटतं.

त्या काळी घरात खर्ज ऐकायचा तर कपाटाएवढी पेटी लागायची. पॉल क्लिप्श यांनी १९४६ पासून विकायला काढलेला क्लिप्शहॉर्न तर खोलीचा कोपराच अडवून बसे. दोन भिंतींनाच कर्ण्याचा भाग करायची त्यांची युक्ती होती. १०४ डेसिबलच्या आसपास आकडा, पाच वॅटमध्ये घर दणाणून जावं. पण तेवढा कोपरा आणि तेवढे पैसे किती जणांकडे असणार? शिवाय लवकरच स्टिरिओ तबकड्या येणार होत्या, म्हणजे एका स्पीकरच्या जागी दोन.

व्हिल्चर यांनी उलटा विचार केला. वूफरचा कागदी शंकू पुढे-मागे हलतो, त्याला जागेवर आणायला कडक कडा आणि स्प्रिंगसारखी जाळी असते. ही कडक कडाच आवाज बिघडवते, कारण ती सगळीकडे सारखी ताणली जात नाही. मग ती कडा काढून टाकली, अगदी ढिली केली, आणि स्पीकर छोट्या बंद पेटीत घट्ट बसवला तर? आत कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करेल. हवेइतकी इमानदार स्प्रिंग दुसरी नाही. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा ढकलून बघा, म्हणजे कळेल. पहिल्या नमुन्यासाठी ढिली कडा हवी होती, ती गादीच्या खोळीच्या कापडाची केली होती, आणि ते कापड कापायचा नमुना त्यांच्या पत्नी रोझमेरी यांनी आखून दिला होता. कल्पना आधी जुन्या कंपन्यांना विकायला काढली, तर कुणी घेईना. मग त्यांच्याच वर्गातल्या हेन्री क्लॉस या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी १९५४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला अकॉस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ध्वनिप्रदर्शनात त्यांची एआर-१ ही पेटी मांडली गेली. पंचवीस इंच उंच, चौदा इंच रुंद. त्यातून निघणारा खर्ज ऐकून लोक मोठी पेटी कुठे लपवली आहे ते शोधत असतील, अशी माझी आपली कल्पना.

मिरजेच्या माणसाला यात नवल वाटू नये. आमच्या सतारमेकर गल्लीत पंढरपूरकडचे भोपळे येतात, आणि कारागीर भोपळ्यावर टिचकी मारून सांगतो की हा तानपुऱ्याला जाईल की सतारीला. आत कोंडलेल्या हवेचा स्वर त्याला आधी ऐकू येतो, लाकूड नंतर. व्हिल्चर आमच्या गल्लीत आले असते तर कारागिरांनी त्यांना चहा पाजून बसवून घेतलं असतं.

पण फुकट काही मिळत नाही. लहान पेटी आणि खोल खर्ज दोन्ही पाहिजे असेल तर तिसरी गोष्ट सोडावी लागते, ती म्हणजे भागवणूक. हा हिशोब मांडणारे जोसेफ अँटन हॉफमन हे क्लॉस यांचे पुढचे भागीदार. १९५७ मध्ये क्लॉस, माल्कम लो आणि हॉफमन या तिघांनी आपल्या आडनावांची अक्षरं जोडून केएलएच ही कंपनी काढली. हॉफमन म्हणजे पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे चिरंजीव. ध्वनीचे लोक या हिशोबाला 'हॉफमनचा लोखंडी नियम' म्हणतात : लहान पेटी, खोल खर्ज, थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिघांतले कुठलेही दोन निवडा.

जगाने पहिले दोन निवडले आणि तिसऱ्याचं ओझं अँप्लिफायरवर टाकलं. एआर-३ ही पुढची पेटी १९५८ ची. पट्टीवर ४ ओहम. तोवर घरगुती मशीनला १०-१५ वॅट पुष्कळ समजत. इंग्लंडमध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात ज्या मशीनचा आराखडा छापला आणि जगभरच्या हौशी लोकांनी ते घरी बांधलं, ते १५ वॅटचं. आता त्याची ओढाताण होऊ लागली. १९५९ चं डायनाको स्टिरिओ ७० हे दोन्ही बाजूंना ३५-३५ वॅट देणारं, घरी जोडायच्या सुट्या भागांच्या संचात मिळणारं मशीन एवढं खपलं, त्याचं एक कारण या भुकेल्या पेट्या असणार.

व्हॉल्व्हच्या मशीनला एक मोठी सोय होती. शेवटी ट्रान्सफॉर्मर असे आणि त्याला ४, ८, १६ अशा वेगवेगळ्या ओहमच्या खुंट्या. जसा स्पीकर तशी खुंटी. अब्बांच्या मशीनच्या मागेही अशाच खुंट्या होत्या, आणि तार चुकीच्या खुंटीला लावली म्हणून एकदा मी मारही खाल्लेला आहे. ट्रान्झिस्टर आले तसे घरगुती मशीनमधून हे ट्रान्सफॉर्मर गेले. मशीन हलकं झालं, स्वस्त झालं, पण मधला दलाल गेल्यामुळे स्पीकरचा कमी-जास्त ओहम थेट ट्रान्झिस्टरच्या उरावर आला. ४ ओहम म्हणजे दुप्पट प्रवाह, दुप्पट प्रवाह म्हणजे उष्णता, आणि उष्णता म्हणजे जळका वास. सुरुवातीची कितीतरी ट्रान्झिस्टर मशीनं अशी गेली. मग क्राऊन कंपनीने १९६७ मध्ये डीसी-३०० आणलं, बाजूला दीडशे वॅट. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉब कार्व्हर यांचं फेज लिनिअर ७०० आलं, बाजूला साडेतीनशे. जिथे आठ वॅटमध्ये सिनेमा चालला होता तिथे आता दिवाणखान्यात सातशे वॅट.

वॅट विकले जाऊ लागले की वॅटमध्ये भेसळ होणारच. कुणी क्षणभराचा उच्चांक सांगे, कुणी 'म्युझिक पॉवर', कुणी आवाज पार फाटेपर्यंत मोजून आकडा काढी. शेवटी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला आणि तो नोव्हेंबर १९७४ पासून लागू झाला. आकडा सांगायचा तर सलग चालणारा सांगा, किती ओहमवर, कुठल्या स्वरापासून कुठल्या स्वरापर्यंत, किती बिघाडासह ते सांगा, दोन्ही बाजू एकदम चालवून सांगा. आणि मोजण्याआधी मशीन एक तास एक-तृतीयांश ताकदीवर तापवा. ही शेवटची अट कंपन्यांना फार झोंबली, कारण त्या पातळीच्या आसपास अशा मशीनला सगळ्यात जास्त ताप चढतो.

आपल्याकडे असा नियम नव्हता, आणि त्याची फळं माझ्या पिढीने खाल्ली. १९९० च्या दशकातले ते टेपरेकॉर्डर आठवा. प्लास्टिकची बॉडी, सहा सेल, आणि वर चांदीच्या अक्षरांत 'पीएमपीओ १००० वॅट'. अब्बांच्या दुकानासमोर एकाने असा टेप आणून ठेवला आणि त्यांना म्हणाला, चाचा, तुमचं मशीन चाळीसच, माझा हजार. अब्बांनी काही न बोलता मशीनला कर्णा जोडला आणि 'हॅलो' म्हणाले. समोरच्या पिंपळावरचे कावळे उडाले.

त्याच नियमामुळे अमेरिकेत जपानी कंपन्यांची वॅटची शर्यत खऱ्या आकड्यांवर आली आणि १९७० च्या दशकाच्या शेवटाला थोर रिसीव्हर तयार झाले. रिसीव्हर हा शब्द मुळात रेडिओचा. रेडिओ, आवाजाची बटणं आणि अँप्लिफायर एकाच पेटीत. १९५८ मध्ये हरमन कार्डनने स्टिरिओचा रिसीव्हर काढला तेव्हा त्यात व्हॉल्व्ह होते. वीस वर्षांनी, १९७८ मध्ये पायोनिअरचा एसएक्स-१९८० आला : बाजूला २७० वॅट, वजन ३५ किलोच्या घरात. असे नाही, पण याच घराण्यातले धाकटे रिसीव्हर कुवेत, जेद्दा, दुबईहून आपल्याकडेही आले. कोकणात आणि आमच्याकडे ज्यांचे मामू-चाचू आखातात होते, त्यांना सहार विमानतळावरच्या कस्टमची रांग आणि सुतळीने आवळलेली खोकी आठवत असतील. आमच्या मामूंनी १९८३ मध्ये असाच एक आणला होता. अब्बांनी त्याचं वरचं झाकण उघडलं आणि आतला नारळाएवढा ट्रान्सफॉर्मर बघून "माशाअल्लाह" म्हणाले. गाणं ऐकण्याआधी. पुढे मामूंच्या मुलांनी तो भंगारात किलोवर दिला. वजनदार होता, चांगले पैसे आले म्हणाले.

१९९० च्या दशकात सिनेमा घरात शिरला आणि रिसीव्हरचा संसार वाढला. दोनाचे पाच, पाचाचे सात, सातांचे नऊ चॅनल. पेटी तेवढीच, ट्रान्सफॉर्मर एकच. एका चुलीवर नऊ माणसांचा स्वयंपाक. मग खोक्यावर शंभर वॅट कुठून येतात? बारीक अक्षरांत वाचलं की कळतं. माझ्या खोक्यावरचे शंभर वॅट होते ६ ओहमवर, एकच चॅनल चालवून, एकाच स्वरावर, आणि दहा टक्के बिघाडासह. दहा टक्के बिघाड म्हणजे आवाज फाटलेला. १९७४ ला जी भेसळ दारातून हाकलली होती, ती चॅनलांच्या गर्दीत खिडकीतून परत आली होती. अमेरिकेच्या त्या कमिशनने २०२४ मध्ये नियम पुन्हा कडक केला, तो यामुळेच.

एक धोका वेगळा सांगतो, कारण मीही त्यात फसलो. काही रिसीव्हरला मागे किंवा मेनूमध्ये '८ ओहम / ४ ओहम' असं बटण असतं. मला वाटलं, अब्बांच्या खुंटीसारखंच असेल. नाही. ती खुंटी ताकद तेवढीच ठेवून जोडी जुळवायची. हे बटण आतला दाबच कमी करतं, म्हणजे मशीन तापू नये म्हणून त्याला अर्धपोटी ठेवतं. लाल दिवा लागायचा थांबला, पण आवाज दमेकरी झाला. जरा वाढवला की तबला फुटायचा.

सगळेच अवघड स्पीकर एकाच प्रकारे अवघड नसतात, हेही या वाचनात उमगलं. बीबीसीने आपल्या बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी बनवलेला एलएस३/५ए हा चिमुकला स्पीकर ८२-८३ डेसिबलचा, म्हणजे आळशी, पण १५ ओहमचा. त्याला वॅट लागतात पण तो प्रवाहासाठी गळा धरत नाही. उलट १९८० च्या दशकात अपोजी कंपनीचा सिंटिला हा रिबनचा स्पीकर आला, तो एक ओहमचा! त्याला जोडून कितीतरी नामांकित मशीनं धारातीर्थी पडली. माझ्या पेट्या दोन्हीकडून वाईट, आळशीही आणि गळा धरणाऱ्याही. पुण्याच्या गृहस्थांनी का विकल्या ते तेव्हा ध्यानात आलं. त्यांना दोष देत नाही. पट्टीवर सगळं लिहिलेलं होतं, मलाच वाचता येत नव्हतं.

शेवटी मी काय केलं? तो बहुचॅनल रिसीव्हर तोट्यात विकला. त्याला 'प्री-आउट'ची भोकं असती तर बाहेरून एक वेगळा पॉवर अँप्लिफायर जोडून भागलं असतं. स्वस्तातल्या रिसीव्हरला ती देत नाहीत. सिनेमा मी मोबाइलवर बघतो, मला नऊ चॅनल काय करायचे होते? मग दोनच चॅनलचा रिसीव्हर शोधला. घेताना चार गोष्टी बघितल्या : ८ ओहमचा आणि ४ ओहमचा असे दोन्ही आकडे कंपनीने लिहिलेत का, दोन्ही बाजू एकदम चालवून लिहिलेत का, बिघाड एक टक्क्याच्या आत आहे का, आणि वजन. कोल्हापुरात एक जुना मिळाला. ८ ओहमला ७०, ४ ओहमला ११०. ताकद बरोबर दुप्पट होत नाही, पण वाढते, म्हणजे ट्रान्सफॉर्मर प्रामाणिक आहे. वजन साडेबारा किलो. एसटीच्या मांडीवर घेऊन आलो. कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं, मी वाद घातला नाही. नव्या जमान्यातले क्लास-डीचे हलके, थंड अँप्लिफायर याहून स्वस्तात हे काम करतात असं आमच्या शाळेतला तरुण शिक्षक सांगतो. खरंही असेल. पण झाकणाच्या जाळीतून ट्रान्सफॉर्मर दिसला आणि मी अब्बांचा मुलगा झालो.

'खट्' बंद झाली. पण खरी गोष्ट अजून सांगायचीच आहे.

व्हिल्चर यांनी १९६७ मध्ये आपली कंपनी विकून टाकली. पैसा होता, नाव होतं, आणि वय पन्नास. त्यांनी पुढचं आयुष्य न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉक गावी श्रवणयंत्रावर घालवलं. तोवरची श्रवणयंत्रं अब्बांच्या मशीनसारखी होती, सगळंच सरसकट मोठं करायची. पण थकलेल्या कानाची अडचण वेगळी असते. त्याला हळू आवाज ऐकूच येत नाही, आणि मोठा आवाज मात्र इतरांइतकाच मोठा वाटतो, दुखतोसुद्धा. दोन्हीच्या मधली जागा अरुंद होते. व्हिल्चर यांनी सुचवलं की आवाजाचे खालचे आणि वरचे स्वर वेगळे काढा, आणि प्रत्येकाला त्या अरुंद जागेत बसेल असं दाबा. हळू ते जास्त वाढवा, मोठं ते कमी. त्यांचा हा शोधनिबंध १९७३ चा. आणि त्यांनी याचं पेटंट घेतलं नाही. स्पीकरच्या पेटंटवरून ते एकदा कोर्टात हरले होते, कारण त्या कल्पनेशी मिळतंजुळतं जुनं पेटंट निघालं होतं. पण इथे त्यांनी ते मागितलंच नाही, जो तो वापरो म्हणून सोडून दिलं. २०११ मध्ये ते वारले.

हे वाचल्यावर मी अम्मींचं श्रवणयंत्र काढून बघितलं. दहा-बारा वर्षांपूर्वीचं, जत्रेतल्या चष्म्यासारखं, कुणाच्याही कानाला चालेल असं. त्या ते बहुतेक उशाखालीच ठेवत, कारण भांडं पडलं की डोक्यात घण बसायचा. सांगलीला नेऊन कान नीट तपासून घेतले, आलेख काढला, आणि त्यांच्या कानाप्रमाणे बसवलेलं नवीन यंत्र घेतलं. रिसीव्हरपेक्षा ते महाग पडलं.

त्या संध्याकाळी उरुसाची कॅसेट लावली. सवयीने आवाजाचा खटका मी नेहमीच्या जागी नेला तर अम्मींनी हात वर केला. कमी कर. अजून कमी. खटका अगदी खाली आला, जिथे माझ्या त्या शंभर वॅटच्या खोट्या रिसीव्हरलाही कधी धाप लागली नसती. अब्बा बोलले. हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, एक, दोन...

अम्मी मान तिरकी करून ऐकत राहिल्या. कॅसेट पुढे सरकली, तानपुरे जुळायला लागले, तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उनकू सर्दी हुई थी उस दिन. काढा देती बोली तो पिए नहीं, वैसेच गए."